दाखवण्यासाठीचं घर

अब्बांचा सांगवीतला फ्लॅट आम्ही गेल्या वर्षी विकला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ५६० चौरस फूट, बत्तीस वर्षांची इमारत. अब्बांच्या इंतकालाला दीड वर्ष झालं होतं. अम्मीला गुडघ्यांमुळे जिना झेपत नव्हता आणि घर विकलं गेलं की ती माझ्याकडे येणार हे ठरलेलं होतं. म्हणजे विकायचं की नाही यावर घरात वाद नव्हता. वाद झाले ते घर गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगं करण्यावरून.

घर विकण्याआधी ते सजवायचं, याला अमेरिकेत 'होम स्टेजिंग' म्हणतात आणि तिकडे तो रीतसर धंदा आहे. १९७० च्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी तो सुरू केला असं मानतात. भाड्याचं फर्निचर आणतात, भिंती फिकट रंगवतात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घरातून घरातली माणसं काढून टाकतात. कुटुंबाचे फोटो, मुलांची बक्षिसं, फ्रिजवरचे मॅग्नेट, देवाधर्माच्या वस्तू, सगळं खोक्यात. बघणाऱ्याला तिथे स्वतःला कल्पता यावं म्हणून. आपल्याकडे हे काम एजंट करतो, फुकट करतो आणि तोंडी करतो.

आमचा एजंट तिशीतला, बोलका, कामाला चोख. वीस मिनिटांत त्याने घर फिरून पाहिलं आणि मोबाइलवर यादी केली. नळ गळतोय, वायसर बदला. बाथरूमच्या टाइल्समधल्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून घ्या. ट्यूबलाइट काढून पिवळट एलईडी लावा, जुन्या भिंती त्यात बऱ्या दिसतात. हॉलमधलं लोखंडी कपाट हलवा, खोली दोन फूट मोठी वाटेल. माळा रिकामा करा, कारण बायका माळा बघतातच. ओट्याखालचे डबे काढा. हे सगळं मला पटलं आणि आम्ही केलंही. पंधरा दिवस आणि अठ्ठावीस हजार रुपये लागले. सर्वांत जास्त वेळ माळ्याने खाल्ला. अब्बा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एकही नट-बोल्ट फेकला नव्हता. तीन पोती निघाली. भंगारवाला घेऊन गेला तेव्हा अम्मी गॅलरीत जाऊन उभी राहिली.

यादीचा दुसरा भाग एजंटने तोंडीच सांगितला. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीखाली, पावसाळ्यात ओल येते. उन्हाळ्यात तिथे फक्त एक पिवळट डाग आणि थोडे पोपडे दिसतात. "पुट्टी मारून दोन हात रंग द्या आणि लोखंडी कपाट तिथे लावा. एका दगडात दोन पक्षी." मग हॉलमध्ये येऊन तो थांबला. समोरच्या भिंतीवर आयतुल कुर्सीचा तुगरा, काळ्या मखमलीवर सोनेरी भरतकामाचा. अम्मीच्या बहिणीने हजहून आणलेला. "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही हो. पण गिऱ्हाईक दारातून आलं की पहिलं तिकडेच बघतं, आणि मग किचन बघायचं राहून जातं."

आणि दारावरची पाटी. आमचं आडनाव त्या प्रकारातलं आहे जे महाराष्ट्रात दोन्हीकडे सापडतं, जसं देशमुख, इनामदार, पाटील, पटेल. कोणतं ते सोडा. एजंटचं म्हणणं, पाटीवर नुसतं आडनाव ठेवू, जाहिरातीतही आडनावच टाकू. अब्बांचं पहिलं नाव तेवढं नको.

मी त्याच्यावर चिडले नाही. तो जे सांगत होता ते अमेरिकेतल्या पुस्तकांतही असतंच. मी एवढंच विचारलं की हे सगळ्यांनाच सांगता का? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, एका घरात बाबासाहेबांचा फोटो काढायला सांगावा लागला होता, एका घरात क्रॉस. "आणि गणपती?" तो हसला. "गणपती तर असावाच लागतो. नसेल तर मीच सांगतो, दाराच्या वर एक लावा."

म्हणजे घर कोणाचंच नसल्यासारखं करणं आपल्याकडच्या बाजारात नसतंच. ते एका ठरावीक प्रकारच्या कोणाचं तरी असल्यासारखं करायचं असतं. श्वार्झबाईंच्या धंद्यात निदान सगळ्यांच्या भिंती सारख्याच रिकाम्या होतात.

खिडकीखालची ओल आणि हॉलमधला तुगरा, दोन्ही एकाच यादीत आल्याने माझ्या डोक्यात एक हदीस घोळत राहिली. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरांकडून ती आली आहे. पैगंबर (स.) एका धान्यविक्याजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विचारल्यावर तो म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर त्यांचं म्हणणं असं होतं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसेल असं? आणि फसवणाऱ्याशी त्यांनी आपलं नातं नाकारलं. मदरशातल्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. आपल्या फिकहमध्ये यावरूनच 'खियार-उल-ऐब' येतं. मालातला दोष लपवलेला निघाला तर व्यवहार मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आणि केवळ शरियतच असं म्हणते असं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलमही हेच सांगतं. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

तेव्हा ओलीचा प्रश्न माझ्यापुरता सरळ होता. बाहेरून भिंतीच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं आणि तरीही येईल त्याला सांगायचं की इथे ओल येत होती, काम केलंय, एक पावसाळा गेल्याशिवाय खात्री देता येणार नाही. कपाट तिथे लावायचं नाही. आणि तुगरा? तो दोष नाही. तो काढला तर मीच त्याला दोष म्हटल्यासारखं होईल.

भाईजानला हे पटलं नाही. तो नाशिकला असतो. फोनवर म्हणाला, "तू तत्त्वाचं बोलतेस, पण पैसे चौघांचे आहेत." आणि त्याचं चूक नव्हतं. अब्बांच्या मागे अम्मी, भाईजान, मी आणि सोलापूरची धाकटी. हिशोब पक्का आहे. बत्तीस भाग केले तर अम्मीचे चार, भाईजानचे चौदा, आम्हा दोघी बहिणींचे सात-सात. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून भाईजानचं नाव होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यालाही माहीत होतं. इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे वडील गेले की बहिणींपुढे हक्कसोड पत्र ठेवायची घाई फार असते. नमाज-रोजात एक बोट इकडेतिकडे न होऊ देणारी घरं या कागदाच्या वेळी अचानक 'रिवाज' आठवतात. भाईजानने तो विषयसुद्धा काढला नाही. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला की तुझ्या तुगऱ्यापायी सगळ्यांचे दोन लाख जाऊ शकतात, तेव्हा मला ऐकून घ्यावंच लागलं. दुसऱ्याच्या वाट्यातून मी माझा स्वाभिमान कसा जपणार?

शेवटी अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "उसने किसका क्या बिगाडा? रहने दो." मग थोड्या वेळाने, "फोटो निकालते वक्त दुसरी दीवार का निकालो. घर में आनेवाले से क्या छुपाना." तसंच केलं. वेबसाइटवरच्या फोटोंत हॉलची खिडकीकडची बाजू आली. पाटीवर अब्बांचं पूर्ण नाव राहिलं. जाहिरातीत एजंटने नुसतं आडनाव टाकलं, ते मी बदलायला सांगितलं नाही. फोन करणाऱ्याला पत्ता देताना तो काय सांगायचा ते त्याचं त्याला ठाऊक.

मग येणारे सुरू झाले. रविवारी सकाळी दहा ते एक. एजंटने आदल्या रात्रीपासून 'वासाचं काही' करू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या इमारतीत रविवारी अकरा वाजता प्रत्येक मजल्यावर मटण शिजतं, सांगवीच ती. खालच्या मजल्यावरच्या मसाल्याचा वास आमच्या किचनमध्ये भरलेला आणि आम्ही मात्र उपम्यावर. एका गृहस्थांनी हवेत नाक फिरवून विचारलंच, "तुम्ही नॉनव्हेज करता वाटतं?" अम्मी म्हणाली, "आज नाही केलं. खालच्यांनी केलंय. चांगलं करतात त्या."

सगळ्यांत जास्त गंमत पलंगाची झाली. बरेच जण मोबाइलमधलं होकायंत्र उघडूनच येत. दार पूर्वेला, ते चांगलं. स्वयंपाकघर आग्नेयेला, उत्तम. बेडरूममध्ये मात्र थबकायचे, कारण पलंगाची उशी उत्तरेला. वास्तुशास्त्रात ते अशुभ. उत्तरेकडे डोकं प्रेताचं करतात. आमच्या अब्बांनी पलंग जाणूनबुजून तसाच ठेवला होता. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, उजव्या कुशीवर वळलं की तोंड किब्ल्याकडे, आणि पश्चिमेकडे पाय होत नाहीत. आपल्याकडे कबरीतही माणसाला असंच ठेवतात. म्हणजे दोन्हीकडच्यांना त्या दिशेत मरणच दिसतं. फक्त एकाला ते टाळायचं असतं आणि दुसऱ्याला रोज रात्री थोडं आठवायचं असतं. दुसऱ्या रविवारनंतर एजंटने हात जोडले, "पलंग तेवढा फिरवू या." फिरवला. अम्मी त्या रात्रीपासून उशी पायथ्याला टाकून झोपू लागली आणि सकाळी उशी उचलून डोक्याच्या बाजूला ठेवू लागली. महिनाभर रोज. तक्रार नाही, काही नाही.

गॅलरीत तुळस ठेवा असंही एजंट म्हणाला होता, 'पॉझिटिव्ह वाटतं'. मग त्याचं लक्ष अम्मीच्या कुंडीकडे गेलं. "आहे की तुळस!" ती तुळस नव्हती, सब्जा होता. पानं तुळशीच्या घरातलीच, वासही जवळचा. आपल्याकडे कबरीवर लावतात तो. अब्बा गेल्यावर अम्मीने एक रोप कब्रस्तानात लावलं आणि एक इथे. एजंट म्हणाला, "मग काही बोलू नका, असू दे." तिसऱ्या रविवारी एक बाई आल्या, लातूरकडच्या, एका हॉस्पिटलात परिचारिका. त्यांनी गॅलरीत जाऊन कुंडीला नमस्कार केला. अम्मी मागेच होती. "बाई, तुळस नाही ती. सब्जा आहे." त्या क्षणभर गोंधळल्या. मग वाकून पान चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या गावाकडे दर्ग्यात असतो हा." आणि दहा मिनिटं त्या दोघी गुडघेदुखीवर बोलत बसल्या. एजंट घड्याळ बघत होता.

त्यांना मी ओल दाखवली. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिलं, नवऱ्याला बोलावलं, दोघांनी खिडकीबाहेर डोकावून प्लास्टर बघितलं. तुगऱ्याकडेही त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. गेल्या, आणि पंधरा दिवस त्यांचा फोन आला नाही.

मधल्या काळात आले ते जोडपं मी विसरणार नाही. ते एजंटमार्फत आले नव्हते, अम्मीच्या ओळखीतून आले होते. दोघंही नोकरी करणारे, हिंजवडीला. आपल्यातलेच. दारातून आत येताना सलाम केला, तुगरा पाहिला, आणि त्या मुलीचे खांदे सैल पडलेले मला दिसले. सात महिने ते घर शोधत होते. तिने सांगितलं की फोनवर फ्लॅट रिकामा असतो आणि नाव सांगितलं की तो सकाळीच गेलेला असतो. हे मला नवीन नव्हतं. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दल नेमका असाच अभ्यास इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापला होता. घरं तीच, विचारणारी नावं वेगळी, आणि उत्तरं वेगळी. शेजारच्या गुजरातमध्ये तर १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याने ठरावीक भागांत घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. इथे तसलं काही नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीचा ना हरकत दाखलाही लागत नाही. पण त्याच संध्याकाळी कमिटीतल्या एका काकांनी जिन्यात मला गाठलं. "बघून द्या हं. तुमची गोष्ट वेगळी होती, तुम्ही आमचेच." अब्बांनी १९९३ मध्ये वर्कशॉपमधल्या तीन सहकाऱ्यांबरोबर इथे बुकिंग केलं होतं. मुंबईतली माणसं मुंब्र्याकडे निघाली होती तेव्हाची ही गोष्ट. हे काका त्या तिघांपैकी एकाचे धाकटे भाऊ. 'आमचेच' हा शब्द त्यांनी मनापासून वापरला होता, त्यात शंका नाही.

त्यांना मी म्हटलं, ज्याचा सौदा जमेल त्याला देऊ.

त्या जोडप्याचा सौदा जमला नाही. इमारत जुनी, त्यामुळे बँकेने कर्ज कमी मंजूर केलं. ते सदतीस लाखांच्या वर जाऊ शकत नव्हते आणि आम्ही बेचाळीस सांगत होतो. माझ्या सात भागांपुरतं मी सोडायला तयार होते. पण त्याने फार तर लाखभराचा फरक पडणार होता. बाकीच्या पंचवीस भागांवर माझा काय अधिकार? धाकटीच्या घरी मुलीचं इंजिनीअरिंगचं वर्ष होतं. अम्मीचे चार भाग तर तिचं उरलेलं आयुष्य. मी त्या मुलाला फोन करून स्पष्ट सांगितलं, आकड्यासकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आपा, पैशाचंच कारण आहे ना? खरं सांगा, मला राग नाही येणार. सोसायटीवाल्यांनी काही म्हटलंय का?"

मी म्हटलं, पैशाचंच आहे. आणि ते खरं होतं. पण सात महिने त्याला प्रत्येकाने पैशाचंच किंवा 'आत्ताच गेला'चंच कारण सांगितलं होतं. "ठीक आहे आपा, दुवा करा," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने विश्वास ठेवला की नाही, मला कळायला मार्ग नाही. जिन्यातल्या काकांना मात्र दुसऱ्या दिवशी मी भेटले आणि सांगितलं की ती मुलं परवडलं नाही म्हणून गेली, तुमच्यामुळे नाही, आणि पैसे असते तर तेच आले असते. काका म्हणाले, "अगं, मी सहज बोललो."

परिचारिका बाईंचा फोन सोळाव्या दिवशी आला. त्यांनी मधल्या काळात ओळखीच्या ठेकेदाराला आणून बाहेरची भिंत दाखवली होती, आमच्या नकळत, खालून. त्याने सांगितलं, काम बरं झालंय पण खिडकीवरचा छज्जा दुरुस्त करावा लागेल. त्यापोटी आणि एकूणच घासाघीस होऊन चाळीस लाखांवर ठरलं. भाईजान म्हणाला, दोन लाख गेलेच शेवटी. ते ओलीपायी गेले, तुगऱ्यापायी नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तुला काय माहीत? हे मात्र त्याचं बरोबर आहे. जे आलेच नाहीत किंवा जिन्यातली पाटी वाचून परत फिरले, त्यांचा हिशोब कुठल्या कागदावर लागतो?

खरेदीखत बाईंच्या एकटीच्या नावावर झालं, कारण महाराष्ट्रात घेणारी स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हे कमिटीला एकदा आठवण करून द्यावं लागलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही चौघं विकणारे, त्या एक घेणाऱ्या. कॅमेऱ्यासमोर बसताना अम्मीने पदर नीट केला. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, कारण तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. चौथ्यांदा घेतला. मग चेक वाटले गेले. अम्मीला पाच लाख, भाईजानला साडेसतरा, आम्हा दोघींना पावणेनऊ-पावणेनऊ.

ताबा देण्याच्या आदल्या दिवशी तुगरा उतरवला. मागे भिंतीवर मूळच्या रंगाचा गडद चौकोन राहिला होता. बाईंनी विचारलं, खिळा काढताय का? म्हटलं, काढू का? तर म्हणाल्या, असू दे, घड्याळ लावीन. सब्ज्याची कुंडी अम्मीने रिक्षात मांडीवर घेतली. माझ्याकडे तिच्या खोलीत पलंग दोनच बाजूंनी बसतो, पूर्वेला डोकं किंवा पश्चिमेला. सुताराला बोलावलंय. अजून आलेला नाही.